तळटीप नसलेला ग्रंथ

आमच्या शाळेच्या दिवाणखान्यातला फळा काढून टाकावा, अशी शिफारस करणारे जे टिपण संस्थेच्या दप्तरी आहे, त्यावर माझी सही आहे. हे आरंभीच सांगून टाकतो. पुढे दुसऱ्यांनी केलेल्या कामाचे गुणदोष दाखवण्याचा प्रसंग वारंवार येणार आहे, आणि स्वतःचा अपराध झाकून ठेवून टीकाकाराने न्यायासनावर बसणे बरे दिसत नाही.

वास्तुशास्त्राचा मी अभ्यासक नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंत झाले; दहावी म्हणायला हवे, पण आमच्या घरात अजून मॅट्रिकच म्हणतात. मुलांना मराठी शिकवतो आणि सुट्टीत कादंबऱ्या लिहितो. जुन्या इमारतींविषयी बोलण्याचा माझा अधिकार एवढाच, की माझ्या आयुष्याचा निम्म्याहून अधिक काळ एका जुन्या इमारतीत गेला, आणि ग्रंथ कसा वाचावा याचा थोडाबहुत विचार मला व्यवसायामुळे करावा लागला. म्हणून या लेखात इमारतीकडे मी ग्रंथासारखे पाहणार आहे. जाणकारांना हे धाडस वाटेल. परंतु इमारत दुरुस्त करणाऱ्यांच्या चुका आणि ग्रंथ संपादणाऱ्यांच्या चुका एकाच कुळातल्या आहेत, असे मला अलीकडे फार वाटू लागले आहे.

प्रथम आमच्या फळ्याची हकिगत. पुण्याच्या एका जुन्या पेठेत एका सरदार घराण्याचा वाडा आहे. पेशवाई बुडाली, घराण्याचे वैभव ओसरले, वाटण्या झाल्या, भाडेकरू आले. आणि पुढचा चौक व वरचा दिवाणखाना एका शिक्षणसंस्थेच्या ताब्यात गेला. मी त्याच शाळेत शिकलो आणि त्याच शाळेत मास्तर झालो. दिवाणखान्याच्या उत्तरेकडील भिंतीवर काळा रंग देऊन फळा केलेला होता. दर वर्षी जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी त्यावर रंगाचा नवा हात फिरे. फळ्याच्या डाव्या अंगाला, मुलाचा हात सहज पोचेल अशा उंचीवर, कुणा पूर्वीच्या मास्तरांनी खिळ्याने चार समांतर रेघा कोरून ठेवल्या होत्या. मधल्या दोहोंत मराठी लिहायचे, चारींत इंग्रजी. कितीही वेळा रंग दिला तरी त्या रेघा बुजत नसत. खडूचे टोक त्या खाचेत अडके आणि मुलाला आपोआप कळे, की अक्षराने इथे थांबायचे. ते मास्तर कोण, हे शाळेत कुणालाच ठाऊक नव्हते. पण मी, माझ्या आधीच्यांनी आणि माझ्या विद्यार्थ्यांनी अक्षर गिरवले ते त्यांच्या रेघांत.

काही वर्षांपूर्वी एका देणगीदाराने वाड्याच्या दुरुस्तीसाठी मोठी रक्कम देऊ केली. अट एकच, की वाडा त्याच्या 'मूळ स्वरूपात' आणावा. तज्ज्ञ आले, मोजमापे झाली. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात गिलाव्याचा पोपडा सुटला होता. त्याखाली तांबड्या रंगाचा वेलबुट्टीचा काठ दिसला. फळ्याखाली भित्तिचित्र आहे! सर्वांना आनंद झाला, मलाही झाला. समितीने मला टिपण लिहायला सांगितले, कारण मी लेखक. 'कालौघात चढलेली पुटे दूर करून वास्तूचे मूळ सौंदर्य प्रकट करणे हे आपले कर्तव्य आहे,' असे वाक्य मी त्यात लिहिले. त्या वेळी ते मला फार चांगले वाटले होते.

फळा खरवडला. खाली निघाले ते घोड्याचे दोन मागचे पाय, छत्राचा एक तुकडा आणि तळहाताएवढा काठ. बाकी भिंत कोरी होती. फळा करणाऱ्याने आधीच ती घासून घेतली असावी. आता भिंत अर्धवट कशी ठेवायची, म्हणून बाहेरून एक चित्रकार आणला. त्याने त्या दोन पायांवरून घोडा काढला, घोड्यावर स्वार बसवला, छत्रावरून राजपुरुष काढला, आणि आठ दिवसांत भिंतभर मिरवणूक निघाली. चित्र वाईट नाही. पण ते ज्या वाड्यात कधीच नव्हते, तिथे ते 'मूळ' म्हणून आले; आणि जे होते ते गेले.

या कामावर एक म्हातारा गवंडी होता. फळा खरवडण्याच्या दिवशी तो हातातला तासणीचा तुकडा खाली ठेवून मला म्हणाला, "गुरुजी, लिहून घ्या काय असेल ते. एकदा खरवडलं की विचारायला कोण राहत नाही." मी हसलो होतो.

'मूळ स्वरूप' या शब्दांचा मोह फार जुना आहे आणि त्यावरचा वादही जुना आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये व्हियोले-ल-द्यूक नावाचा एक विद्वान वास्तुकार होऊन गेला. जीर्ण इमारतीला अशा पूर्णत्वाला न्यावे, की जे पूर्णत्व तिला कोणत्याही एका काळी लाभलेले नसेलही, असे त्याचे सांगणे होते. इमारतीच्या कर्त्याच्या मनात जे होते ते आपण त्याच्याहून चांगले जाणतो, अशी ही भूमिका. उलट इंग्लंडात जॉन रस्किनने १८४९ साली आपल्या 'वास्तुकलेचे सात दीप' या ग्रंथात असल्या पुनरुद्धारावर घणाघाती हल्ला केला. मेलेल्या माणसाला जसे उठवता येत नाही तसे गेलेल्या कारागिराच्या हाताला परत आणता येत नाही, हा त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ. त्याचाच अनुयायी विल्यम मॉरिस याने १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी एक संस्था काढली. इंग्लंडातली जुनी चर्चे 'मूळ' करण्याच्या हौसेने त्यांचे गिलावे खरवडून टाकले जात होते. तेव्हा मॉरिसच्या मंडळाला लोकांत 'खरवडविरोधी' असे टोपणनावच पडले. आमच्या गवंड्याने मॉरिसचे नाव ऐकले असण्याचा संभव नाही.

या वादात एक गंमतही आहे. पॅरिसच्या नोत्र-दाम चर्चचे मध्ययुगीन शिखर अठराव्या शतकात उतरवले गेले होते. व्हियोले-ल-द्यूकने त्याच्या जागी आपल्या कल्पनेने नवे, अधिक उंच आणि अधिक नटवे शिखर उभारले. ते १८५९ साली पुरे झाले. ग्रंथाच्या भाषेत बोलायचे तर हा शुद्ध प्रक्षेप. १५ एप्रिल २०१९ रोजी चर्चला आग लागली आणि सगळ्या जगाने ते शिखर जळून कोसळताना पाहिले. तेव्हा काही जणांनी सुचवले, की नव्या काळाचे नवे शिखर करावे. अखेर निर्णय झाला तो व्हियोले-ल-द्यूकचेच शिखर जसेच्या तसे पुन्हा उभारण्याचा. डिसेंबर २०२४ मध्ये चर्च उघडले तेव्हा ते शिखर आपल्या जागी होते. दीडशे वर्षांत प्रक्षिप्त भाग संहितेत मुरून गेला होता. तो काढला तर पॅरिसकरांना आपले चर्च ओळखू आले नसते. आमची मिरवणूकही आणखी दीडशे वर्षांनी अशीच मुरेल काय? मुरेलही. पण तिला तेवढे आयुष्य मिळावे म्हणून आम्ही एका खऱ्या गोष्टीचे आयुष्य तोडले, ही टोचणी त्याने जात नाही.

प्रक्षिप्त आणि मूळ यांचा निवाडा कसा करावा, याचा वस्तुपाठ शोधायला पुण्याच्या माणसाला फार दूर जावे लागत नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९६६ साली ते पुरे केले. विष्णु सीताराम सुकथनकरांनी त्या संपादनाची जी शिस्त घालून दिली, ती मला कोणत्याही कादंबरीइतकी चित्तवेधक वाटते. भारतभरच्या हस्तलिखितांचे पाठ ताडून पाहायचे, ज्या पाठाला भक्कम आधार त्याला मुख्य संहितेत स्थान द्यायचे, आणि उरलेले सर्व पाठभेद पानाच्या तळाशी छापायचे. फार मोठे असतील तर परिशिष्टात. गणपतीने व्यासांचे लेखन केल्याची कथा आपल्या घराघरांत आहे. ती मुख्य संहितेतून गेली. परंतु ती नाहीशी झाली नाही. परिशिष्टात ती जागच्या जागी आहे. संपादकाचा निर्णय चुकला असे पुढे कुणाला वाटले, तर त्याने खाली पाहावे. संपादकाने त्याच्यासाठी पुरावा ठेवलेला आहे. चिकित्सक आवृत्तीचे मोठेपण मला तिच्या संहितेइतकेच तिच्या तळटिपांत दिसते.

इमारतीचे संकट नेमके इथे आहे. इमारत हा तळटीप नसलेला ग्रंथ आहे. तिच्या भिंतीवर एका वेळी एकच पाठ राहू शकतो. वरचा पाठ वाचायचा तर खालचा झाकलेला राहतो, आणि खालचा वाचायचा तर वरचा नष्ट करावा लागतो. ग्रंथाचा संपादक चुकला तर त्याची चूक दुरुस्त होते. इमारतीचा संपादक चुकला तर चुकीचा पुरावाच उरत नाही. म्हणून ग्रंथसंपादकापेक्षा त्याने अधिक भीत भीत हात घातला पाहिजे. व्हेनिस येथे १९६४ साली जगभरच्या तज्ज्ञांनी जी सनद तयार केली, तिच्यात ही भीती फार चांगली व्यक्त झाली आहे. वास्तूवर ज्या ज्या काळाने काही मोलाची भर घातली त्या सर्वांचा मान राखावा, शैलीची एकता हे काही दुरुस्तीचे साध्य नव्हे, असे ती सांगते. जिथे तर्क सुरू होतो तिथे दुरुस्ती थांबली पाहिजे, असेही सांगते. नवा घातलेला भाग जुन्याशी जुळावा, पण जुना म्हणून खपू नये, हा तिचा आणखी एक दंडक. आमच्या समितीने हे तिन्ही नियम एका भिंतीत मोडले. ही सनद मी वाचली ती फळा गेल्यानंतर.

आता थोडे इतरांच्या कामाकडे वळू. मुंबईला भायखळ्याच्या राणीच्या बागेत जे वस्तुसंग्रहालय आहे, ते १८७२ साली लोकांसाठी उघडले. त्याच्या उभारणीसाठी झटलेल्यांत डॉ. भाऊ दाजी लाड होते, आणि १९७५ मध्ये त्याला त्यांचे नाव देण्यात आले. पुढे इमारतीला अवकळा आली. २००३ मध्ये महानगरपालिका, इन्टॅक आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी मिळून तिच्या पुनरुद्धाराचे काम हाती घेतले. २००५ साली युनेस्कोने या कामाला आशिया-पॅसिफिक विभागातला आपला सर्वोच्च संवर्धन-पुरस्कार दिला आणि २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा खुले झाले. आत पाऊल टाकताच माणूस क्षणभर बोलायचा थांबतो. उंच लोखंडी खांब, त्यांवरचे रंग, सोन्याचा वर्ख, पायाखालच्या मिंटन फरश्या, सगळे कसे कालच पुरे झाल्यासारखे. अशा कारागिरीचे काम आपल्याकडे आजही होऊ शकते, हे पाहून मला अभिमान वाटला. जे धुळीखाली मरत होते ते जगवले, हे श्रेय लहान नाही.

परंतु दोन तास हिंडल्यावर एक हुरहुर लागली. इतकी वर्षे इथे शाळांच्या सहली येत होत्या, माझ्या आईच्या पिढीतली माणसे आरशासारख्या काचांना नाक लावून मातीची चित्रे पाहत होती. त्या सगळ्यांचा या दालनात मागमूसही नाही. १८७२ हे साल लख्ख झाले आणि मधली वर्षे पुसली गेली. मन थोडे खट्टू झाल्यावर मी बाहेर आलो, आणि आवारातल्या घारापुरीच्या दगडी हत्तीपाशी थांबलो. या हत्तीवरूनच पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा नाव दिले. १८६४ साली त्याला इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला. उचलताना तो फुटला. पुढे पन्नास वर्षांनी, १९१४ मध्ये, तुकडे जुळवून त्याला उभा केला. त्याचे सांधे पाहणाऱ्याला दिसतात. हत्ती कुणी कोरला, कुणी पळवायला पाहिला, कसा फुटला आणि कुणीतरी निगुतीने कसा सांधला, हे सगळे त्या एका अंगावर वाचता येते. आतल्या झळाळीची कारागिरी हत्तीच्या सांध्यांहून कितीतरी श्रेष्ठ आहे. पण वाचायला मला हत्ती अधिक मिळाला, हे कबूल केले पाहिजे.

तरीही इथे एक विवेक ठेवायला हवा. संग्रहालयाच्या बाबतीत 'मूळ' गाठणे शक्य होते, कारण जे बांधले ते कशासाठी, हे ठाऊक होते. आणि तोच वापर अजून चालू आहे. ज्या इमारतीचा वापर बदलत गेला तिचे काय करायचे? पुण्याचा विश्रामबागवाडा पाहा. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हा वाडा हौसेने बांधला. सुरूच्या घाटाचे कोरीव खांब, वर केळफुले, रस्त्यावर झुकलेला लाकडी सज्जा. बाजीरावाच्या वाट्याला तो जेमतेम दहा वर्षे आला. १८१८ मध्ये राज्यच गेले. १८२१ साली त्याच वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली, आणि पुढे डेक्कन कॉलेज म्हणून नावारूपाला आलेल्या विद्यालयाचे मूळ तिथले. १८७९ मध्ये पुण्यात बुधवारवाडा जळाला त्या वेळी याही वाड्याला आगीची झळ लागली. मग विसाव्या शतकात इथे नगरपालिकेची कचेरी आली, टपालकचेरी आली, आणि अलीकडे पुण्याच्या इतिहासाचे प्रदर्शन मांडले गेले.

आता या वाड्याचे 'मूळ स्वरूप' कोणते? बांधणाऱ्याच्या दहा वर्षांना संहिता म्हणायचे आणि दोन शतकांची पाठशाळा, कचेरी आणि टपाल यांना प्रक्षेप ठरवायचे, हा कुठला न्याय? शुद्ध पेशवाईच्या हट्टाने टपालकचेरीची खिडकी काढली, तर तिथे मनीऑर्डर करायला रांगेत उभ्या राहिलेल्या हजारो माणसांना आपण वाड्यातून बाहेर काढतो. वाडा आज उभा आहे तो बाजीरावामुळे नव्हे. त्याच्यानंतर कुणाला ना कुणाला तो उपयोगी पडत गेला म्हणून. ज्यांचा काही उपयोग उरला नाही असे वाडे पेठांतून कसे जातात ते आम्ही रोज पाहतो: आधी पत्रे लागतात, मग तुळया विकल्या जातात, आणि पुढच्या दिवाळीला तिथे सहा मजले उभे असतात. वापर हा इमारतीचा शत्रू आहे असे मानणाऱ्यांनी एकदा पेठांतून फिरून यावे. वास्तू टिकवायची तर तिला समाजाच्या उपयोगी ठेवावे, हे व्हेनिसच्या सनदेनेही सांगितले आहे.

मात्र वापर म्हटला की सर्व काही क्षम्य ठरते असेही नाही. माझे मामा परळच्या एका गिरणीत साचेवाले होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा जो संप सुरू झाला, त्यात बाहेर पडलेल्या सुमारे अडीच लाख कामगारांतले ते एक. परत आत गेले नाहीत. गिरण्यांच्या जमिनींचे पुढे काय झाले, हे मुंबईकरांना सांगायला नको. १९९१ च्या नियमावलीत या जमिनींचे ढोबळमानाने तीन वाटे करायचे होते: एक शहराला मोकळी जागा म्हणून, एक सर्वसामान्यांच्या घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने हे वाटे फक्त रिकाम्या जमिनीपुरते उरले, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली. ज्या जमिनीवर इमारती होत्या ती वाटणीतून सुटली. त्या इमारतींपैकी काहींचे पुढे 'पुनर्वापरा'चे प्रयोग झाले.

अशाच एका आवारात मी मामांना घेऊन गेलो. जुन्या दगडी भिंती राखल्या होत्या, छताच्या लोखंडी कैच्यांना रंग दिला होता, त्याखाली उपाहारगृह होते. बाहेर चिमणी उभी होती, तिच्यावर रात्री दिवे लागतात असे कळले. वास्तूची निगा उत्तम होती. नावे ठेवायला जागा नव्हती. मामा चिमणीकडे बघेनात. ते जमिनीकडे बघत चालले होते. मध्येच एका टेबलापाशी थांबून म्हणाले, "इथं माझे दोन साचे होते बघ." टेबलावर बसलेल्या मुलांनी वर पाहिले आणि पुन्हा खाली पाहिले. बाहेर पडताना मामा एवढेच म्हणाले, "चिमणी धुतली वाटतं रे त्यांनी."

या प्रकाराला मी काय म्हणावे? दगड खरे आहेत, लोखंड खरे आहे, तर्काने काही घातलेले नाही. आमच्या समितीपेक्षा हे काम कितीतरी प्रामाणिक. परंतु ग्रंथातली सर्व क्रियापदे काढून टाकून नामे तेवढी ठेवावीत, तसे झाले आहे. भिंत आहे, चिमणी आहे, कैची आहे. कातणे नाही, विणणे नाही, भोंगा नाही, पाळी सुटणे नाही. ज्यांनी ती क्रियापदे चालवली, त्यांचा या जागेवर कसलाच हक्क उरला नाही. आपल्याकडच्या देवळांच्या जीर्णोद्धारात याच्या नेमके उलट होत असे. अहिल्याबाईंनी काशीचे विश्वेश्वराचे देऊळ १७८० साली नव्याने बांधले तेव्हा दगड नवा होता. पूजा जुनी होती. तिथे क्रियापद राखले आणि नाम बदलले. दोन्हींपैकी अधिक खरे कोणते, हे सांगणे सोपे नाही. पण गिरणीसारख्या जागी निदान एका कोपऱ्यात क्रियापद जिवंत ठेवता आले असते. ज्यांनी दोन साचे चालवले त्यांना विचारून त्यांची हकिगत तरी भिंतीवर लिहिता आली असती.

कामाच्या बाजूने पाहिले तर हा सगळा वाद मला चुन्यात दिसतो. आमच्या वाड्याच्या जोत्याला पूर्वी कुणीतरी सिमेंटने दरजा भरल्या होत्या. त्या टणक होत्या, पण त्यांच्या कडेचा दगड मात्र भुगा होऊन गळत होता. मी गवंड्याला कारण विचारले. त्याने सांगितले ते असे: भिंतीत ओल येणारच. चुना मऊ असतो, तो ओल बाहेर जाऊ देतो, आणि खार चढला तर आधी स्वतः झिजतो. सिमेंट वाट अडवते. मग ओल आणि खार दगडातून बाहेर पडू पाहतात आणि दगड फुटतो. "चुन्यानं आधी मरायला पाहिजे, गुरुजी. दगडाच्या आधी," असे तो म्हणाला. चुना दहा-वीस वर्षांनी पुन्हा भरता येतो, दगड पुन्हा आणता येत नाही. त्यासाठी चुना आधी हौदात भिजवून मुरवावा लागतो, घाणीत मळावा लागतो, त्यात गुळाचे आणि बेलफळाचे पाणी घालावे लागते, आणि एवढे करूनही तो सावकाश घट्ट होतो. ठेकेदाराला घाई असते, म्हणून सिमेंट.

ग्रंथावर भाष्य करणाऱ्यांना हा गवंडी गुरू करण्याजोगा वाटतो. भाष्य मूळ संहितेपेक्षा मऊ असावे. झिजायचे झाले तर त्याने आधी झिजावे, आणि पुढच्याला ते काढून नवे भरता यावे. सिमेंटसारखे भाष्य करणारे टीकाकार आपल्याकडे काही कमी झाले नाहीत. त्यांच्या ठाम निकालांखाली किती चांगली पुस्तके फुटून गेली, हा निराळा विषय आहे.

तेव्हा चांगल्या पुनरुद्धाराची कसोटी काय? शोभा ही कसोटी नव्हे, कारण आमची मिरवणूक शोभिवंत आहे. जुने दगड राखणे हीही पुरेशी कसोटी नव्हे, कारण गिरणीत ते राखलेले आहेत. माझ्या मते दोन प्रश्न विचारावेत. पहिला, या इमारतीत जे जे राहिले, शिकले, राबले, त्यांपैकी कुणी आज परत आला तर त्याला आपली एखादी ओळ तिथे सापडेल काय? दुसरा, आपण जे काढून टाकले त्याची नोंद पुढच्याला सापडेल अशा जागी आपण ठेवली काय? दुसऱ्या प्रश्नाला पैसे लागत नाहीत. मोजमाप, छायाचित्र आणि चार ओळी मजकूर लागतो. इमारतीला तळटीप नसते हे खरे. म्हणून तर ती आपण लिहून द्यायची.

माझ्यावर आक्षेप येईल, आणि तो सहकाऱ्यांनी घेतलाही आहे: गुरुजी, एका काळ्या भिंतीसाठी एवढा शोक कशाला? मुलांना नव्या इमारतीत हवेशीर वर्ग मिळाले, दिवाणखाना प्रदर्शनांना भाड्याने जातो, त्या पैशांतून छपराची कौले बदलली. हे सगळे खरे आहे, आणि छप्पर गळत राहिले असते तर फळाही एक दिवस पडला असता. देणगीदाराचे उपकार मी मानतो. माझी तक्रार दुरुस्तीवर नाहीच. माझ्या टिपणातल्या त्या एका वाक्यावर आहे. 'कालौघात चढलेली पुटे' असे मी लिहिले. त्या पुटांतले एक पूट माझे होते, आणि खिळ्याने रेघा ओढणाऱ्या त्या मास्तरांचे होते. लेखक म्हणून मला शब्द सुचला, आणि त्या शब्दाने एका माणसाची अखेरची खूण पुसली. टीकाकाराच्या हातून होणारा अपराध बहुधा असाच, एखाद्या घडीव वाक्यातून होतो.

गेल्या मार्चमध्ये मी संस्थेला अर्ज केला आहे. मिरवणुकीच्या चित्राखाली, डाव्या अंगाला, जमिनीपासून तीन फुटांवर एक लहान पाटी लावावी अशी विनंती आहे. मजकूर मी सोबत जोडला आहे: 'या भिंतीवर पूर्वी शाळेचा फळा होता. त्यावर अक्षर गिरवण्यासाठी एका शिक्षकांनी चार रेघा कोरल्या होत्या. त्यांचे नाव उपलब्ध नाही. वरील चित्रातील घोड्याचे दोन मागील पाय, छत्राचा तुकडा व काठाचा काही भाग जुना असून बाकीचे चित्र नवे आहे.' समितीच्या एका सभासदांनी भेटून सांगितले, की पाटीमुळे चित्राची शोभा जाईल, शिवाय बाकीचे चित्र नवे आहे हे जाहीर करण्याची गरज काय? लेखी उत्तर अजून आलेले नाही. आले नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करीन. दरम्यान ही तळटीप इथे छापून ठेवतो.